माघारीचा धडा

रामहरी औताडे यांनी केलेलं भाषांतर परत आलं, तेव्हा ते सिडकोतल्या कचेरीत बसून एका नव्या गोळीचे दुष्परिणाम रशियनमध्ये उतरवत होते. पोटदुखी झाली होती, मळमळ चालू होती, अंगावर पुरळ यायचं बाकी होतं. कचेरीची मालकीण तनुजा हिनं लॅपटॉप त्यांच्या टेबलावर आणून ठेवला आणि पडद्यावर बोट ठेवलं.

काम पुण्याच्या एका कंपनीचं होतं. ती मोबाइलवर खेळायचे लढाईचे खेळ बनवायची. खेळ इंग्रजीत तयार होता, आता तो रशियन बोलणाऱ्यांना विकायचा होता. त्यात माघारीचं एक बटण होतं. ते दाबलं की सैनिक ओरडत मागं पळायचे आणि दर वेळी वेगळं काहीतरी ओरडायचे. इंग्रज आणि अमेरिकन शिपायांनी पळण्यासाठी इतके शब्द तयार करून ठेवले होते, की यांना लढायला वेळ कधी मिळाला असा प्रश्न पडावा. त्या सगळ्यांचं रशियन करून द्यायचं होतं. पुस्तकी नको, शिपायांच्या तोंडचं हवं, अशी अट होती.

रामहरींचं रशियन औषधांच्या तोंडचं होतं. विद्यापीठात त्यांनी रशियनच्या पदविकेला प्रवेश घेतला, त्याच वर्षी तिकडं तो देश मोडला. अभ्यासक्रम मात्र मोडला नाही. पुढची दोन वर्षं ते अस्तित्वात नसलेल्या देशाच्या शेतीवर निबंध लिहीत राहिले. मग वाळूजच्या कारखान्यांची औषधं तिकडं जायला लागली आणि रामहरी खोक्यातल्या घडीच्या चिठ्ठ्या रशियनमध्ये करू लागले. जिल्ह्यात हे काम करणारा दुसरा माणूस नव्हता, त्यामुळं ते चांगलं करतात की वाईट, हे कळायला मार्गही नव्हता.

तो मार्ग आता सापडला होता. पुण्याच्या कंपनीनं एक तपासनीस बाई नेमली होती, मूळची तिकडचीच. 'बग आउट' म्हणजे मुक्काम गुंडाळून सटका. रामहरींनी पूर्वी कीटकनाशकांच्या डब्यांचंही काम केलेलं असल्यामुळं त्यांचा सैनिक ऐन गोळीबारात ओरडत होता, "किडे बाहेर काढावेत." 'पॉप स्मोक' म्हणजे धूर सोडून त्याच्या आडून निसटा. तिथं त्यांनी धूम्रपान आरोग्यास अपायकारक असल्याचं कळवलं होतं. बाकीच्या ठिकाणी सैनिक एकमेकांना सदर जागेपासून सुरक्षित अंतर राखण्याची सूचना करत होते. बाईंनी खाली एकच ओळ लिहिली होती: या माणसांना पळायचं आहे की औषध घ्यायचं आहे?

"सर, एक चान्स अजून दिलाय त्यांनी," तनुजा म्हणाली. "आणि या वेळी आवाजात पण पाठवा म्हणतायत. म्हणजे तिथल्या नटांना कळेल कसं ओरडायचं ते."

"ओरडून पाठवू?"

"पळताना माणूस कुजबुजत नाही ना, सर."

रामहरींना शब्दांची अडचण होती, पण पळणाऱ्याचा आवाज कसा असतो हे त्यांना अलीकडं चांगलं ठाऊक झालं होतं. त्यांचा सख्खा भाचा गोकुळ तिकडच्या लढाईत होता.

गोकुळ हा फुलंब्रीच्या दगडाबाईंचा मुलगा. दगडाबाई रामहरींची थोरली बहीण. गोकुळ खुलताबाद रस्त्यावरच्या एका ढाब्यावर स्वयंपाकी होता आणि परदेशात स्वयंपाक्याची नोकरी आहे म्हणून एका एजंटाच्या मार्फत गेला. जाण्याआधी सगळं घर रामहरींकडं सल्ल्याला आलं होतं, कारण घरात रशियन येणारा माणूस एकच. रामहरी तेव्हा म्हणाले होते, की रशियन माणूस मनानं लई मोठा असतो. हे मत त्यांनी वाळूजला मशीन बसवायला आलेल्या एका इंजिनिअरवरून बनवलं होतं. त्यानं त्यांना किल्ल्यांची साखळी भेट दिली होती. तिकडं गेल्यावर गोकुळच्या हातात आधी झारा आला, मग फावडं आलं, मग बंदूक आली. हातातली वस्तू बदलत गेली, करार तोच राहिला.

आता तो करार संपत आला होता. गोकुळच्या तुकडीची पाहणी करायला वरचा साहेब येणार होता. दिल्लीतल्या मदत क्रमांकावरच्या माणसानं सांगितलं होतं, की जो परदेशी शिपाई साहेबासमोर उभा राहून स्वतःच्या तोंडानं, नीट रशियनमध्ये सुटका मागेल, त्याचं नाव परतीच्या यादीत जायची शक्यता असते. दुभाष्या नव्हता. असलेला मागच्या महिन्यात गेला होता, आणि कुठं गेला हे विचारायचं नव्हतं.

दगडाबाईंनी भावाला फोनवर एवढंच सांगितलं, "तू बोलून धाड. त्यो पाठ करंल. त्याचं पाठांतर तुला ठाव हाय."

गोकुळचं पाठांतर अख्ख्या फुलंब्रीला ठाऊक होतं. शाळेत असताना तो एकदा ऐकलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवायचा. कविता म्हणायचा, सनावळ्या म्हणायचा, निवडणुकीच्या रिक्षावरचं भाषण रिक्षावाल्याच्या खोकल्यासकट म्हणायचा. पहाटे उठून, भिंतीकडं तोंड करून, खड्या आवाजात. अर्थ विचारायची पद्धत त्यांच्या शाळेत नव्हती, त्यामुळं त्याला कधी अडलं नाही. प्रश्न फिरवून आला की तो नापास व्हायचा, एवढंच.

रविवारी दुपारी रामहरी पडेगावच्या आपल्या घरात दार लावून दोन्ही कामांना बसले. गोकुळचं काम सोपं होतं. त्यांनी चार वाक्यं बांधली: "साहेब, मी स्वयंपाकी आहे. माझा करार संपला आहे. घरी आई आजारी आहे. मला जाऊ द्या." दगडाबाईंना फोनवर वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी हरकत घेतली होती, की मी कुठं आजारी हाय. रामहरी म्हणाले, आक्का, आजारी नसलेल्या आईसाठी कुणी सोडत नाही. मग रामहरींनी ती वाक्यं हळू, हात जोडल्यासारख्या आवाजात मोबाइलमध्ये भरली.

दुसरं काम अवघड होतं. तिकडच्या निवृत्त शिपायांनी इंटरनेटवर टाकलेल्या गप्पा वाचून त्यांनी शब्द जमवले होते. वाचता वाचता त्यांच्या एक लक्षात आलं, की पळण्याला पळणं म्हणायला कुठलंच सैन्य तयार नसतं. वरचे अधिकारी म्हणतात, आम्ही अधिक सोयीच्या जागी सरकलो. आपल्याकडं गुलमंडीतला दुकानदार दुकान बंद करत नाही, वाढवतो, तसंच हे. पण खंदकातल्या माणसाला एवढी सभ्यता परवडत नाही. इंग्रज शिपाई म्हणतो, चला उसळू या. रशियन शिपाई म्हणतो, पाय करा. किंवा, गळ गुंडाळा पोरांनो, इथं मासे नाहीत. किंवा नुसतंच, "रेब्याता, वालिम." म्हणजे पोरांनो, सुटा.

रामहरींनी हे सगळं जीव तोडून भरलं. सभ्य माणसाला तीस वर्षांत ओरडायला मिळालेलं नसलं की जसं होतं तसं झालं. मधेच त्यांच्या पत्नी करुणा यांनी स्वयंपाकघरातून विचारलं, की छातीत दुखतंय का. त्याच वेळी त्यांच्या कुकरनं लांबलचक शिट्टी घेतली. ती नेमकी "गळ गुंडाळा" आणि "पाय करा" यांच्या मधे भरली गेली. परत भरायचा रामहरींना कंटाळा आला. नट काही शिट्टी मारणार नाहीत, असं म्हणून त्यांनी ते तसंच राहू दिलं.

मग त्यांनी दोन्ही ध्वनिफिती पाठवल्या. मोबाइलनं त्यांना नावं दिली नव्हती, नुसते आकडे दिले होते, आणि चष्मा दुसऱ्या खोलीत होता.

संध्याकाळी गोकुळचा निरोप आला: "मामा मिळालं. लई लांब हाय पण व्हईल." रामहरींना चार वाक्यं लांब का वाटावीत हे कळलं नाही. पण थंडीत माणसाचं डोकं हळू चालत असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक निरोप आला: "पाठ झालं. उद्या सायेब यायलाय. सकाळी एकदा मोठ्यानं म्हणून बघतो."

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तनुजा कचेरीच्या दारातच उभी होती. ती हसत होती. या कचेरीत रशियन कामावर कुणी हसण्याची ही पहिलीच वेळ होती.

"सर, क्या बात है. बाई रडल्या म्हणे."

"कोण बाई?"

"तपासनीस. तुम्ही पाठवलेलं ऐकून. त्या लिहितात, इतक्या वर्षांत इतकं खरं वाक्य बघितलं नाही. खंदकात बसलेला शिपाई शेवटी हेच बोलतो. बाकी शब्द नाही मिळाले तरी चालतील, हे चार ठेवणारच." तिनं पडद्यावर वाचलं. "मी स्वयंपाकी आहे, माझा करार संपला आहे, घरी आई आजारी आहे. सर, हे कुठून सुचलं तुम्हाला?"

रामहरी खुर्चीत बसले. खुर्ची होती म्हणून बसले, नसती तरी बसलेच असते. तनुजानं पाणी आणलं. त्यांनी मोबाइल काढला, चष्मा लावला, आणि रविवारी गोकुळला काय गेलं ते ऐकायला सुरुवात केली. कुकरच्या शिट्टीपर्यंत आल्यावर त्यांनी ते बंद केलं.

गोकुळचा फोन लागत नव्हता. खरी चार वाक्यं पाठवली, तर एकच टिक उमटली आणि एकच राहिली. रामहरींनी दिल्लीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. तिकडच्या माणसानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपने उसको सिखाया क्या है, एक्झॅक्टली?"

रामहरींनी सांगितलं.

"मतलब, लड़ाई के मैदान में, उन्हीं की भाषा में, ज़ोर से बोलना है कि भागो."

"जी."

"और बीच में सीटी."

"सीटी ग़लती से आई है."

बराच वेळ पलीकडून टंकलेखनाचा आवाज येत राहिला. मग तो माणूस म्हणाला, की त्याच्याकडं तक्रारींचे जे प्रकार ठरवून दिलेले आहेत त्यांत हा बसत नाही, तरी तो इतर या सदरात घेतो आहे. आवाजात थट्टा नव्हती. असती तर रामहरींना बरं वाटलं असतं.

दुपारी दगडाबाई फुलंब्रीहून बसनं आल्या. मुलाचा फोन लागेना म्हणजे भाऊच काय ते सांगणार, असा त्यांचा हिशेब होता. त्या थेट कचेरीत येऊन रामहरींच्या समोर बसल्या. तनुजानं दिलेला चहा त्यांनी बशीत ओतला आणि तो निवेपर्यंत भावाच्या तोंडाकडं बघत राहिल्या. रामहरींनी मग सगळं सांगून टाकलं. सांगताना त्यांनी अदलाबदल, ध्वनिफीत, तांत्रिक कारणास्तव असे शब्द वापरले. दगडाबाईंनी ते बाजूला सारले.

"म्हंजी त्यानं सायबाम्होरं काय म्हनायचं हुतं ते ऱ्हाऊ दे. काय म्हनंल त्ये सांग."

"म्हणंल की... पोरांनो, पाय करा. इथं मासे नाहीत. सुटा."

दगडाबाईंनी चहा प्याला.

"मंग त्यात चुकीचं काय हाय? मी त्याला पयल्या दिवसापासून दुसरं काय सांगायले?"

"आक्का, लढाईत असं ओरडलं की गोळी घालतात."

"कोन?"

"आपलेच. म्हणजे त्यांचेच. ज्यांच्या बाजूनं लढतोय ते."

दगडाबाईंनी बशी खाली ठेवली. रामहरींना त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर दिवस लवकर गेला असता. त्या तिथंच भिंतीला टेकून बसून राहिल्या, आणि दर थोड्या वेळानं रामहरी मोबाइल उलटा करून बघत, मग सुलटा करत. तनुजानं कचेरीतल्या बाकीच्यांना घरी पाठवून दिलं. पुण्याहून तिला दोनदा फोन आला, की त्याच ढंगात आणखी आठ-दहा वाक्यं मिळतील का. ती म्हणाली, सध्या सरांना सुचत नाहीये.

गोकुळचा फोन आला तो तिसऱ्या दिवशी, भरदुपारी, पडेगावच्या घरी. दगडाबाई फुलंब्रीला परत गेल्याच नव्हत्या. त्यांनी फोन भावाच्या हातातून घेतला आणि कानाला न लावता तोंडासमोर धरला.

"गोकुळ, जेवलास का?"

जेवला होता. सूप होतं आणि ब्रेड होता, आणि मुख्य म्हणजे वर छप्पर होतं. तो कोठडीत होता. आघाडीपासून लई मागं, एका गावातल्या शाळेत. आवाज ताजातवाना होता. काय झालं ते त्यानं आपल्या पद्धतीनं, म्हणजे काहीही न गाळता सांगितलं.

साहेब येण्याच्या दिवशी तो पहाटे उठला. खंदकाच्या भिंतीकडं तोंड केलं आणि मामांनी पाठवलेलं खड्या आवाजात म्हणायला घेतलं. पहिल्या वाक्याला आजूबाजूचे उठून बसले. दुसऱ्याला त्यांनी बूट शोधले. "तिसऱ्याच्या आधी तुमची शिट्टी व्हती ना मामा, ती बी मारली. तुमी मारली तशीच, लांब. त्याच्याबिगर धडा पुरा व्हईना."

"ती मी नव्हती मारली रे," रामहरी म्हणाले. "कुकर होता."

"आसं व्हय," गोकुळ म्हणाला. "हितल्या लोकास्नी वाटलं तोफगोळा यायलाय. समदे पळाले."

सगळेच पळाले. जुने, नवे, स्वयंपाकघरातले, जखमी असलेला एक. अंधारात दुसऱ्या खंदकातल्यांनी यांना पळताना पाहिलं आणि तेही पळाले. गोकुळनं डोळे मिटले होते, कारण डोळे उघडले की त्याचं पाठांतर तुटायचं. उघडले तेव्हा तिथं कुणी नव्हतं. थोड्या वेळानं साहेब आले. मोकळ्या आघाडीवर एकटा गोकुळ सावधान उभा होता. त्याला वाटलं, समदे न्याहारीला गेले असतील. त्यानं सॅल्यूट ठोकला आणि साहेबांसमोर पुन्हा सगळं म्हटलं, शिट्टीसकट. साहेब जागचे हलले नाहीत. साहेबांचा ड्रायव्हर गाडी घेऊन गेला.

अशा रीतीनं, त्या दिवशी त्या भागात माघार न घेतलेला एकमेव शिपाई माघारीच्या चिथावणीबद्दल पकडला गेला.

"आन् बाकीची पोरं?" दगडाबाईंनी विचारलं.

गोकुळनं तेही सांगितलं. बाकीच्यांना धरून आणलं होतं, आणि परत त्याच खंदकात बसवलं होतं. पुढच्या दिवशी तिथं खरीच शिट्टी वाजली. "आता त्यो खंदक नाय, आई," तो म्हणाला. "एकजन लई चांगला व्हता त्यातला. मला साखर द्यायचा." मग कुणीतरी मागून काहीतरी बोललं आणि फोन बंद झाला.

दगडाबाई उठून आत गेल्या. रामहरींना वाटलं त्या रडायला गेल्या. त्या पदरानं तोंड पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कोठडीत हाय म्हंजी जित्ता हाय."

त्या संध्याकाळी त्यांनी फुलंब्रीला फोन करून कळवलं, की गोकुळला आत टाकलंय. तिकडं कुणी घाबरलं नाही. उलट संस्कृतीनं, म्हणजे गोकुळच्या धाकट्या बहिणीनं, विचारलं की पक्कं आत ना. दुसऱ्या दिवशी दगडाबाई बसनं गावी जाताना हर्सूलच्या जेलची भिंत आली, तेव्हा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या भिंतीकडं जरा आपलेपणानं बघितलं. इथं असता तर येता-जाता भाकरी दिली असती, असं त्या शेजारच्या बाईला म्हणाल्या. ती बाई सरकून बसली.

इकडं पुण्याच्या कंपनीचा खेळ पुढं सरकला. ती चार वाक्यं घोगऱ्या आवाजाच्या एका नटाकडून भरून घेतली गेली. माघारीचं बटण दाबलं की चिलखत घातलेला धिप्पाड सैनिक बंदूक टाकून सांगायचा, की आपण स्वयंपाकी आहोत आणि आई आजारी आहे. खेळात त्याला लगेच जाऊ देत असत. तनुजानं तो नमुना रामहरींना दाखवला. त्यांनी एकदा बटण दाबलं, मग पुन्हा एकदा दाबलं, आणि मोबाइल तिला परत दिला.

पंधरवड्यानं चौकशी अधिकाऱ्याचा निरोप आला. आरोपीचा मामा हाच या प्रकरणातला तज्ज्ञ असल्यामुळं त्याचा जबाब व्हिडिओवर घ्यायचा होता. रामहरींनी त्याची तयारी आठवडाभर केली. चूक झाली, अजाणता झाली, हेतू नव्हता, हा खेळाचा मजकूर होता, मी साधा माणूस आहे. रशियनमध्ये क्षमा मागण्याचे जेवढे प्रकार त्यांना येत होते ते त्यांनी घोटले. कधीतरी एकदा तो देश बघायचा, एवढी एक इच्छा त्यांनी तरुणपणापासून जपून ठेवली होती. निदान तिथल्या सरकारच्या दफ्तरात आपलं नाव वाईट अर्थानं जाऊ नये, असं त्यांना वाटत होतं.

दगडाबाई शेजारी बसल्या. पडद्यावर एक थकलेला माणूस आला. काचेच्या पेल्यात चहा होता, डोळ्यांखाली काळं होतं. तो सावकाश बोलला, आणि रामहरींना शब्द न् शब्द कळला. तीस वर्षांत प्रथमच कुणी रशियन माणूस त्यांच्याशी इतकं बोलत होता.

तो म्हणाला, की मी ती फीत ऐकली आहे, आणि आई आजारी असल्याची मागून आलेली चार वाक्यंही. हे शब्द माझ्या आजोबांच्या काळातले आहेत, आता असं कुणी बोलत नाही. आणि ती शिट्टी स्वयंपाकघरातली आहे, माझ्या बायकोकडंही तसलं भांडं आहे. तुम्ही साधी माणसं आहात, हे मला कळतं. तुम्ही चूक झाली एवढं म्हणा. मी कागद बंद करतो. मुलगा उद्या सुटेल.

रशियन माणूस मनानं मोठा असतो, हे त्यांचं जुनं मत खरं ठरत होतं. त्यांनी आभार मानायला तोंड उघडलं.

"काय म्हनायलाय?" दगडाबाईंनी विचारलं.

"चूक झाली म्हणा, म्हणतोय. उद्याच सोडतो गोकुळला."

"घरी?"

रामहरींनी पडद्याकडं वळून विचारलं. अधिकाऱ्यानं उत्तर दिलं. ते देताना त्यानं चहाच्या पेल्याकडं बघितलं.

"नाय," रामहरी म्हणाले. "पलटणीत. नव्या खंदकात."

दगडाबाईंनी भावाच्या मनगटावर हात ठेवला.

"नको म्हन."

"आक्का, नको म्हटलं तर मला कबूल करावं लागंल, की मुद्दाम शिकवलं. शिक्षा होईल त्याला. कैक वर्षांची."

"कळलं मला. मुद्दाम शिकवलं म्हन."

रामहरींनी चष्मा नीट केला, ताठ बसले आणि घोटून ठेवलेली सगळी वाक्यं सोडून दिली. ते म्हणाले, की चूक नाही. मी मुद्दाम शिकवलं. एकेक शब्द पारखून घेतला. हे शब्द जुने नाहीत, आजही कुणी ऐकले तर तो पळेल. पळाले आहेत, तुमच्याकडं नोंद असेल. आणि शिट्टी मीच घातली.

अधिकारी लिहायचा थांबला. त्यानं रामहरींच्या खांद्यामागं नजर नेली.

"त्या कोण?" त्यानं विचारलं.

"आई."

"आजारी दिसत नाहीत," तो म्हणाला.

"नाहीत," रामहरी म्हणाले.

मग त्यानं दार बंद आहे का ते मान वळवून बघितलं, आणि आवाज आणखी खाली आणून म्हणाला, की या कलमात तीन वर्षांपासून पुढं कितीही देता येतात. रामहरींनी बहिणीला सांगितलं. दगडाबाईंनी बोटांवर मोजत विचार केला.

"लडाई कव्हा संपायलीय, इचार त्याला."

रामहरींनी विचारलं. अधिकाऱ्यानं दोन्ही तळहात वर केले आणि तसेच धरून ठेवले.

"त्याला ठाऊक नाय, आक्का."

दगडाबाईंनी मान हलवली. शाळेचा गणवेश शिवायला टाकताना शिंप्याशी बोलावं तशा त्या पडद्याकडं झुकल्या.

"मंग त्याला म्हन, वाढत्या मापाचीच धर."

रामहरींनी ते जसंच्या तसं सांगितलं. त्या माणसानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि लिहायला घेतलं.